वाळायला ठेवलेली होडी

शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर सध्या फायबरचं काम चाललं आहे. जून आला की आमच्या महादेवपुऱ्यातल्या गच्च्या गळायला लागतात आणि त्या बुजवणारी माणसं बादल्या आणि रोलर घेऊन दारोदार फिरतात. आज सकाळी खिडकी उघडली आणि रेझिनचा वास थेट घरात आला. पिकून गेलेल्या अननसावर कुणी नेलपॉलिश सांडावं, तसला तो वास. मी ऑफिसच्या कॉलवर होते. पुण्याचा एक मुलगा कसल्याशा उशिराची कारणं सांगत होता. मी कॅमेरा बंद केला आणि खिडकी मात्र उघडीच ठेवली.

हा वास आमच्या घरात एकदाच आला आणि दोन महिने राहिला. त्यालाही आता दोन वर्षं झाली. दोन महिने म्हणजे मासेमारीची बंदी असते ते. जूनपासून नारळी पौर्णिमेपर्यंत कोकणातल्या होड्या वाळूवर ओढून ठेवतात, झावळ्यांनी शाकारतात आणि ज्याची त्याची डागडुजी करतात. आमच्याही काकाची होडी त्या वर्षी डागडुजीला होती. फक्त ती वाळूवर नव्हती. ती बंगळुरात होती, समुद्रापासून एक आख्खा घाट आणि एक रात्रीचा प्रवास लांब, आमच्या घराशेजारच्या रिकाम्या प्लॉटवर, चार लाकडी ठोकळ्यांवर.

माझे बाबा गाबिताच्या, म्हणजे मासेमाऱ्याच्या, घरात जन्मले आणि शिकून इंजिनीयर झाले. त्यांचं सगळं आयुष्य इथल्या एका सरकारी प्रयोगशाळेत फायबर ग्लासच्या कामात गेलं. विमानाच्या नाकावर एक टोपी असते, तिच्या आत रडार असतं. त्या टोप्या बाबा करायचे. धाकटा भाऊ वसंत, म्हणजे माझा काका, गावातच राहिला आणि वडिलांमागून समुद्रावर जाऊ लागला. जुनी लाकडी होडी कुजली तेव्हा बाबांनीच त्याला फायबरची घ्यायला लावली होती. लाकूड कुजतं, फायबर कुजत नाही, हे वाक्य मी लहानपणापासून इतक्या वेळा ऐकलं आहे की ते आमच्या कुलदैवताचं वाटावं. पुढेही बाबा फोनवरून काकाला होडीबद्दल सूचना द्यायचे. उंटावरून शेळ्या हाकू नका, असं आई म्हणायची. आई असेपर्यंत त्यांना निदान कुणी तसं म्हणणारं होतं.

त्या मार्चमध्ये काकाची होडी मोडली. सकाळची वेळ होती, समुद्र शांत होता. होडीची मागची फळी, जिच्यावर इंजिन अडकवतात ती, कडकन तुटली. इंजिन तुटक्या फळीसकट पाण्यात गेलं आणि मागून होडीत पाणी शिरलं. काका एकटाच होता. अर्धवट बुडालेल्या होडीला धरून तो दुपारपर्यंत पाण्यात राहिला, मग दुसऱ्या कुणाच्या होडीने त्याला काढलं. अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. फक्त त्यानंतर तो पाण्याजवळ जाईना. काकीने फोनवर सांगितलं, घरात बसून असतात, किनाऱ्याकडच्या दारातून बाहेर पडत नाहीत, मागच्या दाराने जातात.

बाबांनी दुसऱ्याच दिवशी ठरवलं की होडी इथे आणायची. तिकडे दुरुस्त करणारे काय कमी होते? पण बाबांचं म्हणणं, माझी होडी दुसऱ्या कुणाच्या हातात मी देणार नाही. माझी होडी म्हणाले ते. जून लागताच होडी ट्रकवरून आली आणि ट्रकच्या केबिनमधून काका उतरला. वाटेत बेळगावला घेतलेली कुंदा मिठाईची पुडी त्याच्या हातात होती. त्याने ती मला दिली आणि विचारलं, न्हाणीघर खंय आसा.

समोरच्या घरातल्या अक्का रोज फाटकातून डोकवायच्या. दोणी यावाग रेडी सार, म्हणजे होडी कधी तयार, हा त्यांचा रोजचा प्रश्न. पहिल्या आठवड्यात त्यांनी इथे समुद्र कुठे आहे असंही विचारलं होतं. मग एके दिवशी तासभर पाऊस पडला, आयटी पार्ककडचा रस्ता गुडघाभर पाण्यात गेला, आणि गल्लीतले लोक म्हणायला लागले की सारच, म्हणजे बाबाच, तेवढे शहाणे निघाले. बाबांना ही थट्टा आवडायची. काका हसायचा, पण उशिरा हसायचा, म्हणजे कानडी कळेपर्यंत वेळ जायचा म्हणून असेल.

त्याच पाण्यातली एक गोष्ट मला नको असताना आठवते. मी आणि काका इथल्या शिवाजीनगरहून ताडपत्री घेऊन रिक्षाने येत होतो. एका पुलाखाली पाणी साचलं होतं. रिक्षा त्यात शिरली आणि पाणी आत पायांपर्यंत आलं. काकाने दोन्ही पाय सीटवर घेतले, डोळे मिटले आणि माझं मनगट धरलं. चाळीस वर्षं समुद्रावर काढलेला माणूस. रिक्षावाल्याने आरशातून बघितलं आणि म्हणाला, "स्वल्प नीरु अष्टे अण्णा, भय पडबेडी." थोडंसं पाणी आहे, घाबरू नका. काकाला कानडी येत नव्हती, पण हे त्याला कळलं. माझ्या मनगटावर त्याच्या बोटांचे वळ संध्याकाळपर्यंत होते. मला त्याची लाज वाटली होती, हे आज लिहून टाकते.

बाबांचं सगळं लक्ष एकाच गोष्टीवर लागलं होतं. नारळी पौर्णिमेला काकाने पुन्हा होडीत बसायला हवं. ते स्पष्ट म्हणायचे, वसंता आत्ता बसला नाही तर कधीच बसणार नाही. आणि समुद्राशिवाय वसंता म्हणजे काय, तर मागच्या दाराने ये-जा करणारा एक म्हातारा. हे ते काकाच्या देखतसुद्धा म्हणायचे. आमच्या घरात मायेची भाषा साधारण अशीच आहे.

काम सुरू झालं ते खाजेपासून. फायबर घासलं की काचेची पूड उडते आणि कातडीत शिरते. बाबा अंगाला खोबरेल तेल चोपडून, जुने पूर्ण बाह्यांचे शर्ट घालून, नाकाला फडकं बांधून ग्राइंडर चालवायचे. काका बाजूला ठोकळ्यावर बसून बघायचा. हात लावायचा नाही. एखादं अवजार मागितलं तर द्यायचा. सत्तरीचा भाऊ राबतोय आणि साठीचा बसून आहे, हे बघून मला राग यायचा, आणि मग रिक्षा आठवून राग गिळावा लागायचा.

जेवायला मात्र दोघे भाऊ एकत्र. शनिवारी मी बाजारातून मासे आणायचे. काका ताटातल्या तुकड्याकडे बघून म्हणायचा, "ह्यो बांगडो माझ्यापेक्षा म्हातारो आसा." एकदा त्याला करमत नाही म्हणून मी तळ्यावर फिरायला नेलं. काठावर पाच मिनिटं उभा राहिला. म्हणाला, ह्या पाण्याक वास येता, पण पाण्याचो नाय. नंतर त्याने कुठे नेण्याबद्दल विचारलं नाही आणि मीही नेलं नाही. माझ्या सॉफ्टवेअरचं रिलीज जवळ आलं होतं, ऑफिसला रोज दीड तास जायला आणि दीड तास यायला लागत होता. अशी कारणं तेव्हा फार मोठी वाटतात.

मागची फळी उघडली तो दिवस रविवार होता. फळी म्हणजे बाहेरून फायबर, आतून फायबर आणि मध्ये प्लायवूडचं लाकूड. वरचा अर्धा भाग समुद्रातच राहिला होता, खालचा अर्धा होडीला होता. बाबांनी आतल्या बाजूचं फायबर चौकोनी कापलं आणि झाकणासारखं काढलं. आत लाकूड नव्हतंच. चहाचा चोथा होता, काळा, ओला, आंबूस वासाचा. बाबांनी मूठभर बाहेर काढला आणि पिळला तर पाणी आलं. तीन महिने ती होडी पाण्याबाहेर होती.

मग ते कापलेल्या झाकणाची आतली बाजू बघत बसले. बराच वेळ. मी चहाला हाक मारली तरी उठले नाहीत. काका तेव्हा आंघोळीला गेला होता. मी जवळ गेले तेव्हा बाबांनी झाकणाच्या खालच्या कोपऱ्यात बोट ठेवलं. तिथे एक गोल ठिगळ होतं, रुपयाएवढं, अगदी गुळगुळीत.

"हे मी बुजवलंय," बाबा म्हणाले.

त्याच्या आठेक वर्षं आधी मे महिन्यात ते गावी गेले होते तेव्हाची गोष्ट. होडी बांधणाऱ्याने फळीच्या तळाशी बोट जाईल एवढं एक भोक ठेवलेलं बाबांना दिसलं. इंजिनाच्या बोल्टांमधून आत झिरपणारं पाणी त्यातून निथळून जावं, म्हणून तिकडे तसं भोक ठेवतात. बाबांना ते गबाळं काम वाटलं. ज्या प्रयोगशाळेत टाचणीच्या टोकाएवढं छिद्र सापडलं तरी सगळी टोपी बाद करतात, तिथे तीस वर्षं काढलेला माणूस दुसरं काय करणार? त्यांनी काचेच्या धाग्यांच्या मॅटचे दोन थर आणि रेझिन लावून ते भोक कायमचं बुजवून दिलं. भावासाठी. मुक्कामाच्या शेवटच्या दिवशी, अंगाची खाज सहन करत. त्यानंतर आत गेलेलं पाणी आतच राहिलं आणि लाकूड आठ वर्षं भिजत राहिलं. फायबर कुजलं नाही, हे मात्र खरं.

त्या दिवसापासून बाबा बदलले. बोलणं कमी झालं, काम वाढलं. उरलेल्या होडीतही जिथे जिथे लाकूड होतं तिथे ओल मुरली होती, ती वाळल्याशिवाय रेझिन लावायचं नाही असा त्यांनी हट्ट धरला. आणि बंगळुरात तो सगळा महिना भुरभुर पाऊस. जोराचा कधी नाही आणि थांबणारही नाही. त्यांनी ताडपत्रीचा तंबू केला, आत मोठे हॅलोजनचे दिवे लावले. होडीतल्या लाकडाची एक चकती कापून ठेवली आणि रोज सकाळी माझ्या स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ती ठेवून बघायचे. वजन उतरायचं थांबलं की लाकूड वाळलं. मी विचारायचे आज किती उतरलं, ते म्हणायचे दोन ग्रॅम. रात्री पाऊस झाला की ते दोन ग्रॅम परत यायचे. मी चिडून म्हटलं, बाबा, पौर्णिमा महिन्यावर आली, आता लावून टाका. ते माझ्यावर ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, घाई मी एकदा केली आहे. मला त्यांची कीव आली, आणि बापाची कीव येणं ही काही सुखाची गोष्ट नाही.

काकाला त्यांनी आठ दिवसांनी सांगितलं. मी तिथेच होते, नाश्त्याला घावणे करत होते. बाबांनी ताटातून मान वर न करता सांगितलं की ते भोक मी बुजवलं होतं आणि त्यामुळेच फळी कुजली. काकाने चहाचा घोट घेतला.

"माका म्हायत आसा," तो म्हणाला. "दोन वर्सां म्हायत आसा."

फळीवर बोटाने टकटक केलं की बद्द आवाज येतो, लाकूड आतून गेलं आहे हे त्याला दोन वर्षांपूर्वीच कळलं होतं. का गेलं तेही कळलं होतं. ड्रिल घेऊन पुन्हा भोक पाडायला एक मिनिट लागलं नसतं. बाबांनी विचारलं, मग पाडलं का नाहीस. काकाने चहाचा कप खाली ठेवला.

"तुझ्या हातचा काम ता," तो म्हणाला. "तेका मी भोक कसा पाडतलंय?"

तव्यावरचा घावणा करपला. बाबा उठून प्लॉटवर गेले. मी काकाला काही बोलावं म्हणून वळले, तर त्याने दुसरा घावणा मागितला. मला तेव्हा त्या दोघांचाही संताप आला होता. एकाने न विचारता बुजवायचं आणि दुसऱ्याने मान म्हणून बुडायचं. असला मान काय जाळायचा आहे? पण आमच्याकडे थोरल्याने लावलेला खिळा धाकटा काढत नाही. मी स्वतःही बाबांनी लावलेलं माझ्या खोलीतलं वाकडं कपाट अजून हलवलेलं नाही.

त्यानंतर मात्र काका कामाला लागला. त्याने कधी रेझिन हाताळलं नव्हतं, पण रोलर फिरवायला शिकला. दोघांनी मिळून नवी फळी बसवली, थरावर थर दिले. रेझिनमध्ये हार्डनर घातला की ते तापतं, डबा हाताला चटका देतो, आणि मग थोड्याच वेळात सगळं लावून व्हावं लागतं. त्या वेळात दोघे न बोलता इतके जुळून काम करायचे की वाटावं हे लहानपणी एकाच होडीत होते. होतेच. बाबा सतराव्या वर्षी शिकायला बाहेर पडले आणि त्यानंतर कधी होडीत बसले नाहीत, एवढंच. भोकाची जागा काकाने पेन्सिलने दाखवली आणि ड्रिल बाबांच्या हातात दिलं. पाऊस असा एक दिवसही थांबला नाही, पण होडी वाळली.

पौर्णिमेच्या पंधरा दिवस आधी ट्रक आला. होडी चढवून झाल्यावर काकाने बाबांना बाजूला घेऊन सांगितलं की पहिल्या दिवशी तू माझ्यावांगडा, म्हणजे माझ्यासोबत, बस. तू बसलास तर मी बसतलंय. बाबा लगेच येतो म्हणाले. त्यांचं तिकीट मी त्याच संध्याकाळी काढलं.

जायच्या दिवशी बॅग भरून दाराशी होती. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसले होते आणि उठत नव्हते. कॅब खाली येऊन थांबली, गेली, मी दुसरी बोलावली. मला वाटलं गुडघा दुखतोय. शेवटी ते म्हणाले, "काम चोख झालंय. पण मागच्या वेळीही मला असंच वाटलं होतं." मी समजूत घातली, थोडी रागावलेही. ते नाही उठले. भावाला त्या होडीत बसवायचं म्हणून दोन महिने जिवाचं रान केलं, आणि आपल्याच हातच्या कामावर बसायची वेळ आली तेव्हा पाय हलेनात. मी काकाला फोन करून सांगितलं की बाबांचं बीपी वाढलं आहे. काका एवढंच म्हणाला, बरा, जप तेका.

नारळी पौर्णिमेला दुपारी काकाचा फोन आला. बाबांना दे म्हणाला. मी स्पीकरवर लावला. "दादा, जावन इलंय," तो म्हणाला. "बोट बरी आसा."

बाबांनी एकामागून एक प्रश्न विचारले. तळाला पाणी किती आलं. पूर्ण वेगात फळी थरथरली का. वळताना कसला आवाज झाला का. काका सगळ्याला नाय, काय नाय, म्हणत गेला, फार पटापट, धापा टाकत. फोन ठेवल्यावर बाबा मला म्हणाले, गेला नाही तो. मला बरं वाटावं म्हणून सांगतोय. मलाही तेच वाटलं होतं. खरंच जाऊन आलेल्या माणसाने निदान एखादी तरी तक्रार केली असती. मी म्हटलं, त्याचा स्वभावच तसा आहे. बाबांनी मान हलवली. त्यानंतर काकाने होडी गावातल्या दुसऱ्याला चालवायला दिली हे कळलं तेव्हा तर खात्रीच झाली. काकीला एक फोन करून विचारता आलं असतं. मी विचारलं नाही. बाबांनी पुन्हा होडीचं नाव काढलं नाही आणि या फेब्रुवारीत ते गेले.

तेराव्याला काका आणि काकी आले होते. दुपारी स्वयंपाकघरात तांदूळ निवडताना काकी बोलत होती. तिने सहज, जणू मला ठाऊकच आहे अशा रीतीने, त्या पौर्णिमेचं सांगितलं. हे एकटेच गेले. कुणाला बरोबर घेतलं नाही, मोडली तर आपण एकटे जाऊ म्हणाले. एक हात इंजिनावर आणि दुसरा सगळा वेळ मागच्या फळीवर, पुढे बघणं नाहीच. खडकाला वळसा घालून आले तेव्हा होडीतून उतरता येईना. काकीने आणि आणखी एकाने धरून उतरवलं. कपडे ओले झाले होते, आणि ते समुद्राच्या पाण्याने नव्हे. वाळूवरच बसले.

"माका म्हणाले, पयलो फोन दी," काकी म्हणाली. "दादा वाट बघता आसतलो."

त्यानंतर काका पुन्हा कधी होडीत बसला नाही.

मी त्यांना बस थांब्यावर सोडायला गेले. काकी आत जाऊन बसली. काका पायरीशी थांबला, पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि विचारलं, त्या दिवशी फोनवर आयकान दादाक बरा वाटला मा?

"हो काका," मी म्हटलं. "खूप. त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी बाबा पोटभर जेवले."

"जेवतलोच," काका म्हणाला, आणि हसून वर चढला.

बस सुटेपर्यंत मी हात हलवत उभी होते. त्या दिवशी बाबा जेवायला उठलेच नव्हते. नारळीभाताचं त्यांचं ताट मी रात्री तसंच फ्रीजमध्ये ठेवलं होतं.